पंप फेकतो, पण उचलत नाही: एका अ‍ॅम्बॅसेडरच्या पेट्रोल पंपाचे प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात कापूस आणि सोयाबीन पिकवणाऱ्या एका कुटुंबाकडे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची अ‍ॅम्बॅसेडर मार्क टू आहे. तिच्यातील इंजिन मूळचेच, म्हणजे १४८९ सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आहे. त्या काळच्या पुष्कळ अ‍ॅम्बॅसेडर गाड्यांची पेट्रोल इंजिने खर्च परवडेना म्हणून काढली गेली आणि त्यांच्या जागी डिझेल इंजिने बसली, त्यामुळे खेड्यात मूळ इंजिनावर चालणारी मार्क टू आता क्वचितच दिसते. ही गाडी नुसती झाकून ठेवलेली नाही. लग्नसराईत ती फिरते, बाजारहाटाला यवतमाळला जाते आणि कुटुंबातील ज्येष्ठांना तिच्याशिवाय दुसरी गाडी पसंत नाही.

गाडीची तक्रार उन्हाळ्याची होती. आर्णीहून यवतमाळकडे निघाल्यावर पहिले वीसेक किलोमीटर ती निर्वेध धावत असे. त्यानंतर चढ सुरू झाला की इंजिन आधी किंचित दम सोडल्यासारखे करी, मग झटके खाई, आणि अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी वेग वाढण्याऐवजी गाडी शेवटी बंदच पडे. बोनेट उघडून अर्धा तास सावलीत उभी केली की एकाच सेल्फमध्ये सुरू होई आणि आणखी सात-आठ किलोमीटर चालून पुन्हा तोच प्रकार करी. रात्रीच्या किंवा पहाटेच्या प्रवासात असे कधी होत नसे. मालकांनी सगळे एका वाक्यात सांगितले होते: "सर, गाडी थंडी असली का पळते, तापली का बसते."

हे वाक्य खरे होते, पण अपुरे होते. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी कशी सुरू होते, असे विचारल्यावर कळले की सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, कधी कधी टाकीतून कार्बोरेटरला पेट्रोल पुरवणाऱ्या, इंजिनावरच्या पंपाची हाताने चालवायची कळ दहा-पंधरा वेळा दाबून मगच ती सुरू होते, आणि हे कित्येक वर्षे चालू आहे. जुनी गाडी अशीच असते, असे समजून ती गोष्ट कोणी तक्रारीत धरलीच नव्हती. प्रत्यक्षात या प्रकरणाचा अर्धा उलगडा त्याच सवयीत दडलेला होता, कारण सकाळच्या थंडाव्यात होणाऱ्या त्रासाचे खापर उष्णतेवर फोडता येत नाही.

आधी झालेले उपाय

गाडी माझ्याकडे येण्यापूर्वी तिच्यावर बरेच उपाय झाले होते. ठिणगी पाडणाऱ्या भागांपैकी कॉइल बदलली होती, कंडेन्सर आणि पॉइंट बदलले होते, प्लग नवे होते. कार्बोरेटर अनेकदा उघडून हवेने साफ केला होता आणि पंपाच्या आधी एक प्लास्टिकचा फिल्टर घातला होता. तापल्यावर कॉइल निकामी होते हे खरे असल्याने कॉइल बदलण्यात गैर काही नव्हते. मात्र गाडी बंद पडलेल्या अवस्थेत ठिणगी आहे की नाही हे कोणी पाहिले नव्हते, आणि ते न पाहता बदललेला भाग हा अंदाजच असतो.

त्यानंतर शहरातील एका गॅरेजने पेट्रोल पंपाचा दाब गेजवर मोजला, तो योग्य भरला, म्हणून पंप निर्दोष ठरवला आणि पेट्रोल उन्हाने उकळून पाइपात वाफ धरते असे निदान केले. उपाय म्हणून पंपावर ओले फडके बांधण्यास सांगितले. त्या फडक्याने खरोखरच फरक पडत होता, ही या प्रकरणातील फसवी बाजू. विदर्भातील मे महिन्याची हवा इतकी कोरडी असते की ओल्या कापडातील पाणी झपाट्याने उडते आणि त्याखालचे धातूचे अंग चांगलेच निवते; आपल्याकडे वाळ्याचा कूलर जसा काम देतो आणि मुंबईच्या दमट हवेत देत नाही, तोच हा न्याय आहे. फडक्याने गुण येतो म्हणजे उष्णतेचा संबंध आहे एवढेच सिद्ध होते. याच बनावटीच्या हजारो गाड्या याच उन्हात वर्षानुवर्षे टॅक्सी म्हणून आणि सरकारी दौऱ्यांवर धावल्या, त्या प्रत्येक चढावर बसत नव्हत्या. मग याच गाडीला उष्णता का सोसवेना, हा प्रश्न शिल्लक राहत होता.

पंपाची दोन कामे

पुढील तपास समजण्यासाठी पंपाची रचना थोडी सविस्तर सांगणे आवश्यक आहे. हा पंप इंजिनाच्या ब्लॉकवर दोन बोल्टांनी बसतो. त्याचा रॉकर आर्म, म्हणजे पंप हलवणारा दांडा, ब्लॉकच्या आत शिरून कॅमशाफ्टवरील (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावरील) एका विकेंद्री चकतीवर टेकतो. कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या गतीने फिरत असल्यामुळे इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांना पंपाचा एक ठोका पडतो. चकतीचा उंचवटा आला की आर्म डायफ्रामला, म्हणजे पंपातील लवचीक पडद्याला, खाली खेचतो. त्यामुळे डायफ्रामच्या वर पोकळी निर्माण होते, आत घेणारा व्हॉल्व्ह उघडतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढले जाते. उंचवटा सरला की डायफ्रामखालची स्प्रिंग त्याला वर ढकलते, आत घेणारा व्हॉल्व्ह मिटतो, बाहेर सोडणारा उघडतो आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जाते.

म्हणजे उचलण्याचे काम कॅम करतो आणि फेकण्याचे काम स्प्रिंग करते. मिस्त्री लोकही हेच दोन शब्द वापरतात. कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या भांड्यातील (फ्लोट चेंबर) तरंगता फ्लोट वर येऊन पेट्रोलची वाट अडवणारा नीडल व्हॉल्व्ह बंद झाला की स्प्रिंगला डायफ्राम वर ढकलता येत नाही, तो खालीच थांबतो आणि आर्म मोकळा हलत राहतो. यामुळे कार्बोरेटरकडचा दाब कितीही वेगात स्प्रिंगच्या ताकदीएवढाच राहतो. यातून निघणारा निष्कर्ष बहुतेक वेळा दुर्लक्षित राहतो. दाब योग्य भरला म्हणजे स्प्रिंग ठीक आहे, डायफ्रामला भोक नाही आणि बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बरा आहे, एवढेच कळते. पंप टाकीतून किती जोराने उचलतो, आर्मची किती चाल डायफ्रामपर्यंत पोहोचते, आत घेणारा व्हॉल्व्ह नीट मिटतो की नाही, यांबद्दल दाबाचा काटा फारसे काही सांगत नाही. पुरेसा वेळ दिला तर अर्ध्या चालीचा पंपही तोच दाब दाखवतो. शहरातील गॅरेजचे मोजमाप बरोबरच होते. त्यातून काढलेला निष्कर्ष मोजमापाच्या कक्षेबाहेरचा होता.

गाडी बंद पडलेली असताना

पहिली तपासणी रस्त्यावरच केली. उन्हात, नेहमीच्या चढावर गाडी बंद पडू दिली आणि ती थंड होण्याच्या आत क्रमाने चार गोष्टी पाहिल्या. प्लग ब्लॉकला टेकवून सेल्फ मारल्यावर ठिणगी निळी आणि जोरकस होती, त्यामुळे विजेची बाजू निकालात निघाली. टाकीचे झाकण उघडल्यावर आत हवा ओढल्याचा आवाज झाला नाही आणि उघडल्यानंतरही गाडी सुरू झाली नाही, म्हणजे झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले नव्हते. ही तपासणी विनाखर्चाची असूनही पुष्कळदा राहून जाते. फ्लोट चेंबरचे झाकण काढले तेव्हा पेट्रोल जवळजवळ तळाला गेले होते. शेवटी कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडवून डब्यात धरली आणि पंपाची कळ हाताने दाबली, तेव्हा सलग धार येण्याऐवजी फेस मिसळलेले तुटक फवारे आले.

येथे एक सूचना द्यायला हवी. गरम इंजिनाजवळ उघडे पेट्रोल हाताळताना कॉइलची मुख्य तार काढून ठेवावी, डबा धातूचा आणि झाकणाचा असावा, अग्निशामक हाताशी असावा, आणि भोवती जमणाऱ्या मंडळींपैकी कोणाच्याही हातात पेटती विडी नसावी. शेवटची अट खेड्यात पाळून घेणे सर्वांत अवघड असते, आणि सर्वांत महत्त्वाचीही तीच आहे.

दुसऱ्या टप्प्यात घरच्या अंगणात बाटली लावून इंजिन चालवले. कार्बोरेटरपेक्षा उंचावर पेट्रोलची बाटली बांधून तिची नळी थेट कार्बोरेटरला जोडायची, म्हणजे पेट्रोल वजनाने उतरते आणि पंप वगळला जातो, ही आपल्याकडच्या मिस्त्र्यांची जुनी युक्ती आहे. गाडी उन्हात उभी करून अशा रीतीने इंजिन चांगले तापेपर्यंत चालवले, तरी त्याने एकही झटका खाल्ला नाही. कार्बोरेटर, जेट आणि नीडल व्हॉल्व्ह यांच्यावरचा संशय येथे संपला. बाटली लावून गाडी रस्त्यावर चालवणारेही आहेत, परंतु एक धक्का बसून नळी निसटली की पेट्रोल थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडते, म्हणून तसे कोणी करू नये.

या व्यवस्थेचा आणखी एक उपयोग होता. इंजिन बाटलीवर चालत असताना पंप टाकीतून पेट्रोल ओढतच असतो आणि त्याचे बाहेर पडणारे पेट्रोल वेगळ्या डब्यात घेऊन मोजता येते. इंजिन थंड असताना मंद गतीवर मिनिटाला सुमारे ३०० मिलिलिटर पेट्रोल मिळाले. तापल्यावर तोच आकडा शंभराच्या आसपास उतरला आणि धारेत बुडबुडे दिसू लागले. ताशी ६० किलोमीटर वेगाने लिटरला १० किलोमीटर धावणारी गाडी तासाला ६ लिटर, म्हणजे मिनिटाला १०० मिलिलिटर पेट्रोल खाते, आणि चढावर भरल्या गाडीला त्याच्या दीडपट-दुप्पट लागते. रस्त्यावरील वेगात पंपाचे ठोके जास्त पडतात, म्हणून मंद गतीवरील आकडा या गरजेशी थेट ताडून पाहणे योग्य नाही. तरीही थंड आणि गरम अवस्थांतील तफावत मोठी होती, आणि बुडबुड्यांचे मूळ शोधणे भाग होते.

बुडबुडे हवेचे की वाफेचे

पंपाकडे येणाऱ्या पेट्रोलात बुडबुडे दोन कारणांनी येतात. ओढीच्या बाजूला कोठेतरी सूक्ष्म फट असली की पंप पेट्रोलाबरोबर हवा ओढतो. अशा फटीतून पेट्रोल बाहेर गळतेच असे नाही, कारण आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून पाइप कोरडा दिसतो आणि नजर फसते. दुसरे कारण वाफ. या दोहोंतील फरक ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे हीच चाचणी थंड इंजिनावर करणे. पंपाच्या ओढीच्या बाजूला थोडी पारदर्शक नळी जोडून पहाटे पाहिले, तेव्हा टाकीकडून येणाऱ्या धारेत प्रत्येक ठोक्याला दोन-चार बारीक बुडबुडे दिसत होते. पहाटेच्या गारव्यात पेट्रोल उकळत नाही, तेव्हा ही हवा होती. त्यानंतर टाकीची लाइन सोडून पंपाला थेट सावलीतल्या डब्यातून पेट्रोल दिले, तर थंड इंजिनावर बुडबुडे पूर्ण थांबले. फट टाकी आणि पंप यांच्या दरम्यान होती हे निश्चित झाले.

परंतु प्रकरण येथे संपले नाही. इंजिन तापल्यावर डब्यातून ओढतानाही पंपाचा पुरवठा थंड असतानाच्या निम्म्यापर्यंत घसरत होता. फट वगळूनही पंप तापल्यावर हरत होता, म्हणून त्याची ओढ मोजण्याची गरज निर्माण झाली.

आधी दाब पुन्हा मोजून घेतला. त्यासाठी गेजची गरज भासली नाही. पंपाच्या बाहेर सोडणाऱ्या तोंडाला लांब पारदर्शक नळी जोडली, ती उभ्या बांबूला बांधली, कॉइलची तार काढून थंड इंजिनावर सेल्फ मारला आणि पेट्रोल नळीत किती उंच चढते ते पाहिले. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने एक पौंड (दर चौरस इंचाला) दाबाला त्याचा स्तंभ सुमारे ९५ सेंटिमीटर चढतो. या प्रकारच्या पंपाकडून दीड ते अडीच पौंड दाब अपेक्षित असतो, म्हणजे नळीत पेट्रोल साधारण १.४ ते २.४ मीटरपर्यंत चढायला हवे. येथे ते १.८ मीटरवर पोहोचले आणि सेल्फ थांबवल्यावरही बराच वेळ तेथेच राहिले. फेकण्याची बाजू खरोखरच निर्दोष होती.

ओढ मोजायला मात्र व्हॅक्यूम गेज लागतो. तो मोटार गॅरेजमध्ये मिळाला नाही. फ्रीज दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे मिळाला, कारण त्याच्या कामात पाऱ्याच्या इंचांत पोकळी दाखवणारा गेज रोज लागतो. तालुक्याच्या ठिकाणी ज्यांना हा तपास करायचा आहे त्यांनी तेथेच विचारावे. पंपातील पेट्रोल हाताच्या कळीने काढून टाकून, गेज ओढीच्या तोंडाला लावून सेल्फ मारला, तर काटा जेमतेम ३ इंचांवर गेला आणि सेल्फ थांबताच काही सेकंदांत शून्यावर आला. असा पंप किमान ६ इंच पारा तरी ओढणारा असावा आणि ती ओढ त्याने काही काळ धरून ठेवावी. एका वाचनात दोन दोष दिसत होते: काटा कमी चढला याचा अर्थ डायफ्रामची चाल अपुरी होती, आणि तो लगेच पडला याचा अर्थ पंपाच्या ओढीच्या बाजूचे काहीतरी नीट मिटत नव्हते.

पंप उघडण्याआधी

पंप हातात आला की तो लगेच खोलायचा मोह होतो. त्याआधी तो ब्लॉकवर कसा बसवला आहे हे पाहणे जास्त महत्त्वाचे असते, कारण एकदा सुटे केले की तो पुरावा राहत नाही. बोल्ट काढल्यावर पंप आणि ब्लॉक यांच्या मधल्या उष्णतारोधक ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना जाड हातकापीव पॅकिंग आढळले आणि त्यावर वाळलेल्या सीलंटचा थर होता. कधीतरी तेथून ऑइल गळत असावे, आणि ते थांबवण्यासाठी कोणीतरी पॅकिंग दुहेरी केले असावे. गळती थांबली होती यात शंका नाही. व्हर्नियरने मोजल्यावर एकूण जाडी योग्य जाडीपेक्षा जवळपास २ मिलिमीटरने अधिक भरली.

२ मिलिमीटर ही क्षुल्लक गोष्ट वाटते, परंतु विकेंद्री चकतीचा उंचवटाच मुळात काही मिलिमीटरांचा असतो. पंप तेवढा बाहेर सरकला की रॉकर आर्म चकतीपासून तेवढाच दूर जातो. आर्मची स्वतःची स्प्रिंग त्याला चकतीला चिकटवून ठेवते, म्हणून आवाज येत नाही आणि वरून काही कळतही नाही. मात्र आर्मच्या चालीचा पहिला भाग डायफ्रामला न खेचता वाया जातो. गळती थांबवणारा हा उपाय अशा रीतीने पंपाची चाल चोरत होता. योग्य जाडीचे पॅकिंग लावून तोच पंप पुन्हा बसवला आणि ओढ मोजली, तेव्हा काटा ५ इंचांपर्यंत गेला. कोणताही सुटा भाग न बदलता मिळालेली ही सुधारणा होती. काटा तरीही धरून राहत नव्हता, त्यामुळे पंप खोलावाच लागला.

खोलण्यापूर्वी वरच्या आणि खालच्या कवचांवर कानशीने एक सरळ खूण करून घेतली, कारण स्क्रू कोणत्याही भोकात बसतात आणि कवच फिरवून बसवले तर नळ्यांची तोंडे भलतीकडे जातात. आत तीन गोष्टी आढळल्या. आत घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या चकतीवर वाळलेल्या पेट्रोलाचा पिवळट चिवट थर होता आणि तिच्या कडेला खोबण पडली होती, त्यामुळे ती पूर्ण टेकत नव्हती. रात्रभरात पंपातील पेट्रोल टाकीकडे परत जाई आणि सकाळी लाइन नव्याने भरावी लागे ती यामुळेच. डायफ्रामला भोक नव्हते, पण त्याचे कापड कडक होऊन एका बाजूला ताणलेले होते. रॉकर आर्मची पिनही थोडी झिजलेली होती, मात्र बदलण्याइतकी नव्हती.

डायफ्राम फाटलेला नाही याचा अंदाज आधीच आला होता. डायफ्राम फाटला तर पेट्रोल इंजिनाच्या ऑइलात उतरते, डिपस्टिकवरील पातळी आपोआप वाढते, ऑइल पातळ होऊन त्याला पेट्रोलचा वास येतो, आणि पंपाच्या खालच्या कवचाच्या छिद्रातून पेट्रोल झिरपते. येथे यांपैकी काही नव्हते. ज्यांच्या गाडीत ही लक्षणे असतील त्यांनी पंपाची दुरुस्ती होईपर्यंत इंजिन चालवूच नये, कारण पातळ ऑइलाने बेअरिंग जातात आणि मग खर्चाचा आकडा फार बदलतो.

ताणलेला डायफ्राम हा बहुधा चुकीच्या जोडणीचा परिणाम होता. नवा डायफ्राम आर्मच्या दुव्यात अडकवून पाव वळसा फिरवल्यावर स्क्रू आधी हलके लावायचे असतात, मग आर्म पूर्ण दाबून डायफ्राम खाली खेचलेल्या स्थितीत धरायचा आणि त्याच स्थितीत समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने कसायचे असतात. आर्म मोकळा सोडून स्क्रू कसले तर डायफ्रामला पूर्ण चालीसाठी लागणारी ढील राहत नाही, आणि पहिल्या दिवसापासून त्याच्या कडा ओढल्या जातात.

रबर आणि आताचे पेट्रोल

पंपाच्या दुरुस्तीचे किट, म्हणजे नव्या डायफ्राम-व्हॉल्व्हचा संच, निवडताना आताच्या पेट्रोलचा विचार करावा लागला. २०% इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ मध्ये देशातील निवडक विक्रीपंपांवर आले आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र पोहोचले. जुन्या काळी बनलेले डायफ्राम आणि होज पाइप या मिश्रणासाठी तयार केलेले नव्हते. त्यांचे रबर फुगते, मऊ पडते किंवा वाळल्यावर कडक होऊन चिरते. बाजारात मिळणारे किट नवे असले तरी त्याचे रबर कोणते आहे हे पाकिटावर क्वचितच लिहिलेले असते. म्हणून दोन ठिकाणांहून आणलेल्या किटांमधील जादा रबरी वॉशर आपल्याच विक्रीपंपावरच्या पेट्रोलात बंद बरणीत आठवडाभर बुडवून ठेवले आणि आधी-नंतरची जाडी व्हर्नियरने पाहिली. एक वॉशर स्पष्ट फुगला, दुसऱ्यात फरक जाणवला नाही. दुसरे किट वापरले. ही प्रयोगशाळेची कसोटी नव्हे, तरी दुकानदाराच्या शब्दापेक्षा ती बरी.

ओढीच्या बाजूची फट मग सापडली. लोखंडी पाइप आणि पंप यांना जोडणाऱ्या रबरी होजला क्लिपखाली केसासारख्या चिरा होत्या, आणि तो कापून पाहिल्यावर त्याची आतली भिंत फुगून मार्ग अरुंद झालेला दिसला. नंतर घातलेला प्लास्टिकचा फिल्टरही त्याच बाजूला होता. तो काढून टाकला, कारण त्याच्या दोन्ही टोकांचे जोड म्हणजे हवा शिरण्याच्या आणखी दोन जागा होत्या.

आता उष्णतेकडे परत येता येईल. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण असल्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू एक नसतो. त्यातील हलके घटक ३५ ते ४० अंशांच्या आसपासच उडू लागतात, आणि इथेनॉल थोड्या प्रमाणात मिसळल्यावर मिश्रणाचा बाष्पदाब आणखी वाढतो. कोणत्याही द्रवावरचा दाब कमी केला की तो कमी तापमानाला उकळतो. टाकीपासून पंपापर्यंतच्या संपूर्ण मार्गात पेट्रोल वातावरणापेक्षा कमी दाबाखाली असते, म्हणून वाफ धरण्याची खरी जागा हीच आहे. पंपाच्या पुढे दाब वाढलेला असतो आणि तेथे वाफ सहजासहजी टिकत नाही. अरुंद झालेल्या होजमधून पेट्रोल ओढताना पोकळी वाढते, म्हणजे उकळणे सोपे होते. पंपाची चाल कमी असल्यामुळे पेट्रोल तापलेल्या पंपात जास्त वेळ रेंगाळते आणि अधिक तापते. त्यातून वाफ झाली की ती दाबता आणि पसरता येते, त्यामुळे पंपाच्या लहान चालीत ती नुसती आकसते-फुगते आणि द्रव पुढे सरकत नाही. पूर्ण चालीचा, व्हॉल्व्ह नीट मिटणारा पंप थोडी वाफ बाहेर ढकलून मोकळा होतो. अर्ध्या चालीचा पंप तिच्यातच अडकतो. वाफ धरल्याचे जुने निदान म्हणून चुकीचे नव्हते. त्या वाफेला जागा कोणी करून दिली, हे त्यात नव्हते.

दुरुस्तीनंतर

नवा डायफ्राम, नवे व्हॉल्व्ह, योग्य जाडीचे पॅकिंग आणि इथेनॉल सोसणारा नवा होज बसवल्यावर ओढ ८ इंचांवर गेली आणि सेल्फ थांबवल्यावर काटा जागेवर राहिला. दाब पूर्वीइतकाच भरला, आणि स्प्रिंग तीच असल्यामुळे तसेच होणे अपेक्षित होते. उष्णतारोधक ठोकळा जुनाच ठेवला; जाडी कमी करायची म्हणून तो काढून टाकणारे काही जण असतात, पण त्यामुळे ब्लॉकची सगळी उष्णता थेट पंपात उतरते आणि आर्मही चकतीवर गरजेपेक्षा जास्त दाबला जातो. ऑइलची मूळ गळती पुन्हा सुरू होऊ नये म्हणून पंपाचा बसवायचा पृष्ठभाग काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट केला, कारण तो कडेला वाकलेला होता आणि गळतीचे खरे कारण ते होते.

त्यानंतर भर दुपारी, पारा ४४ अंशांवर असताना, पाच माणसे बसवून त्याच रस्त्याने गाडी यवतमाळपर्यंत नेली. चढावर इंजिनाने दम सोडला नाही. यवतमाळला गाडी थांबवल्यावर वीस मिनिटांनी सुरू करताना मात्र तिने दोन-तीन सेकंद जास्त घेतले. थांबलेल्या इंजिनाची उष्णता वाऱ्याविना वर चढते आणि फ्लोट चेंबरमधील थोडे पेट्रोल उडते, त्यामुळे एवढा उशीर या बनावटीच्या निरोगी गाडीतही होतो. मालकांना तसे सांगितले, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा कार्बोरेटर उघडला गेला असता.

विजेवर चालणारा पंप बसवण्याचा सल्ला त्यांना यापूर्वी मिळाला होता आणि त्याबद्दल त्यांनी विचारलेही. तो बसवायचाच असेल तर टाकीजवळ बसवावा, म्हणजे पाइपातील पेट्रोल ओढले न जाता ढकलले जाईल. इंजिनाजवळ बसवलेला विजेचा पंप ओढीची तीच अडचण सोबत घेऊन येतो. त्याचा दाब अडीच पौंडांच्या आत असावा, अन्यथा नीडल व्हॉल्व्ह उघडा पडून कार्बोरेटर वाहू लागतो, आणि अपघातात पुरवठा तोडणारा स्विच हवाच. जुना यांत्रिक पंप मध्ये ठेवून मागून विजेचा पंप लावणे मला मान्य नाही, कारण मधला डायफ्राम फाटला तर मागचा पंप पेट्रोल इंजिनाच्या ऑइलात भरत राहतो आणि गाडी मात्र चालूच राहते. या गाडीला मूळ पंप पुरेसा होता आणि कुटुंबाचीही तीच इच्छा होती.

सकाळचा त्रास त्याच आठवड्यात संपला. रात्रभर उभी असलेली गाडी आता हाताची कळ न दाबता सुरू होते. आर्मची पिन आणि कॅमवरील चकतीची झीज मात्र तशीच आहे. चकती पाहायची तर कॅमशाफ्ट काढावा लागतो, आणि तेवढ्यासाठी चालते इंजिन उघडणे योग्य वाटले नाही. दर उन्हाळ्याच्या तोंडावर फ्रीजवाल्याचा गेज आणून ओढ मोजायची आणि ती ६ इंचांच्या खाली उतरू लागली तर आधी पिन बदलायची, असे ठरवून ८ इंचांचे वाचन तारखेसह गाडीच्या वहीत लिहून ठेवले आहे.